कोऱ्या हाताची बाई

तापीबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका नव्या पोरीला झापत होती. पोरीचा गुन्हा काय, तर तिनं पाणी पिलं होतं.

नंदुरबारच्या बाहेर आमची मिरचीची पथारी आहे. पथारी म्हणजे चोपून सपाट केलेलं मोकळं रान. त्यावर ओली लाल मिरची पसरायची, उन्हात वाळवायची, देठ खुडायचे, पांढरी पडलेली फटकी मिरची वेगळी काढायची आणि पोती भरायची. दिवाळीनंतर सुरू होतं ते होळीच्याही पुढं जातं. पथारी माझ्या धाकट्या दिराची, भूपेशची. मी पंधरा वर्षं वजनकाट्यावर बसते. नवरा गेल्यावर घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा हे बरं, असं मी ठरवलं आणि भूपेशला सांगून टाकलं. विचारण्याचा माझा स्वभाव नाही. बायका मला तोंडावर वहिनी म्हणतात, माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

तर पाणी पिणं हा गुन्हा कसा, ते मला त्या दिवशी कळलं. दिवसभर देठ खुडून मिरची हाताच्या कातडीत मुरते. साबण लावा, राखेनं घासा, आग जात नाही. पाणी पिलं की आडोशाला जावं लागतं. पत्र्याचा आडोसा आहे, पाण्याची टाकी आहे, सगळं आहे. पण हात तोच. त्या हातानं धुऊन आलेली बाई मग संध्याकाळपर्यंत धड बसू शकत नाही, धड उभी राहू शकत नाही, आणि कुणाला सांगूही शकत नाही. जिनं एकदा हे भोगलं ती परत पाण्याकडे बघत नाही.

म्हणून तापीबाईचा कायदा होता. सकाळी घरून चहा पिऊन, तिकडचं सगळं उरकूनच यायचं. हाताला तेल चोपडायचं. एकदा मिरचीत हात घातला की पाणी संपलं. दुपारी भाकरीचा घास घशाखाली उतरेल एवढा एक घोट, तोही कुरकुर करत.

"हात लाल व्हयना का पानी बंद," ती नव्या पोरींना सांगायची. आणि कुणी तोंड वाकडं केलं की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "माले काय व्हयनं? लोटन पोटमा व्हता तवय बी मी आठेच बठेल व्हतू." म्हणजे पोटुशी असतानाही ती इथंच बसत होती, तिला काय झालं.

उंच, काटक, आवाज असा की पथारीच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाची बाई मान खाली घालून कामाला लागायची. तिच्याइतका भरभर चालणारा हात मी दुसरा पाहिला नाही. तीस बायकांची ओळ ती एकटी चालवायची. भूपेश शेठ असेल कागदावर. पथारीवर शेठ तापीबाई. आमची दोघींची रोज एक तरी चकमक व्हायची, आणि ज्या दिवशी ती यायची नाही त्या दिवशी मला दिवस सरता सरायचा नाही. मला ती आवडायची, हे सरळ सांगून टाकते.

लोटन तिचा एकुलता एक. नवापूरकडे एका पोल्ट्रीवर कामाला आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. तो आईला न्यायला पथारीवर आला की बायकांची करमणूक व्हायची, कारण तापीबाई त्याची सगळ्यांसमोर खेचायची.

"न्हानपने असा रडका व्हता हाऊ! मी हात लावा का भोकाड. मन्ही सासूजोडे मातर गप. जसं काय मीच सावत्र!"

आईनं हात लावला की रडणारं आणि आजीजवळ गप्प होणारं पोर ऐकून बायका खदखदून हसायच्या. लोटन मान खाली घालून हसायचा. तापीबाईही हसायची, पण हसता हसता तोंड फिरवायची. ते मी काट्यावरून बघितलं होतं. त्याचा अर्थ मात्र तेव्हा लागला नव्हता.

लोटनची बायको ममता. तळोद्याकडची, लहानपणीच आई गेलेली. त्यामुळे सासूलाच ती माय म्हणायची. मनानं गरीब, बोलणं कमी. गेल्या हंगामात पाचव्या महिन्यात तिचं पोट रिकामं झालं. पथारीवर चक्कर आली होती, रात्री दवाखान्यात नेलं, तोवर सगळं संपलं होतं. तापीबाईनं सुनेला महिनाभर घराबाहेर पडू दिलं नाही, रोज मेथी-तूप घालून खायला केलं. स्वतः मात्र तिसऱ्या दिवशी कामावर हजर. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाली, "काटावर बठा वहिनी, माल उना." म्हणजे त्या विषयावर बोलायचं नाही. मीही उठले.

ह्या वर्षी ममताला पुन्हा दिवस राहिले. पाचवा महिना पार पडला तेव्हा तापीबाईनं देवीला नारळ वाढवला आणि आम्हा सगळ्यांना खोबरं वाटलं. चेहऱ्यावर काही दाखवत नव्हती, पण मला खोबरं दोनदा देऊन गेली.

आमच्या भागातल्या आरोग्य उपकेंद्राच्या रोहिणी सिस्टर महिन्यातून एकदा पथारीवर चक्कर मारतात. फेब्रुवारीत आल्या तेव्हा काट्याशेजारच्या बाजेवर बसून त्यांनी ममताचा बीपी मोजला. एकदा मोजला, पट्टा सोडला, परत मोजला.

"कमी आहे गं. चक्कर येते?"

ममतानं सासूकडे बघितलं.

"तिच्याकडे नको बघू, माझ्याकडे बघ. उठल्यावर अंधारी येते?"

"अंधारी येस," ममता हळूच म्हणाली.

"हे बघा तापीबाई," सिस्टर म्हणाल्या, "ह्या दिवसांत पुष्कळ बायकांचा बीपी उतरतो. तेवढ्यानं घाबरायचं नाही. पण हिच्या अंगात रक्त कमी आहे आणि पाणी तर नाहीच नाही. जीभ बघा कशी सुकलीय. दिवसभर थोडं थोडं पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, काहीही चालेल, पण पोटात गेलं पाहिजे. दोनदा पोटभर जेवण्यापेक्षा चारदा थोडं थोडं. दुपारच्या उन्हात बसायचं नाही. बसल्या जागेवरून ताडकन उठायचं नाही, आधी पाय पसरायचे, मग हात टेकून उठायचं. झोपताना डाव्या कुशीवर. रक्ताची गोळी चहासोबत घेऊ नको. आणि चक्कर येऊन पडलीस, पोटात दुखलं, अंगावरून गेलं किंवा बाळ हलेनासं झालं, तर एक मिनिट थांबायचं नाही. मला फोन."

तापीबाईनं सगळं ऐकून घेतलं. सिस्टरच्या पाठीमागे मला म्हणाली, "पानी पेवानं काय सांगतस त्या? त्यासना हात कोरा शे."

तरी तिनं आपल्या परीनं केलं. ममताला आडोशाच्या सावलीत बसवलं, वजन उचलू दिलं नाही, गोळी स्वतःच्या हातानं मोजून दिली. डब्यात गूळ-शेंगदाणे यायला लागले. पाणी मात्र नाही. मी माझी बाटली पुढं करायचे, ममता सासूकडे बघायची आणि नको म्हणायची. मी तापीबाईशी भांडले. ती म्हणाली, "आग तिले व्हई, तुमले नही." मी बाटलीचं झाकण करकचून लावलं आणि रागानं काट्यावर जाऊन बसले.

मार्चच्या सुरुवातीला ते अवकाळीचं भूत आलं. दुपारनंतर वादळ-पाऊस म्हणून सकाळपासून सगळ्यांच्या मोबाईलवर. पथारीवर चार-पाच ठिकाणी मिरची पसरलेली, निम्मी वाळलेली, निम्मी ओली. भिजली की काळी पडते, मग तिला कुत्रं विचारत नाही. भूपेशनं सगळ्या बायका बोलावल्या. ममता घरी थांबणार होती. पण अशा दिवशी घरात बसून काय करू म्हणून तीही आली. तापीबाईनं तिला दुरूनच बघितलं, पण परत पाठवलं नाही. हात कमी होते, तेही खरंच होतं.

हवा सकाळपासून कोंडलेली. ऊन नव्हतं, पण उकाडा असा की बसल्या जागी घाम गळत होता. त्यात मिरचीचा खकाणा. सगळ्यांच्या नाकातोंडावर फडकी. ममता ओल्या लाल मिरचीच्या ढिगाऱ्यापाशी उकिडवी बसून देठ खुडत होती. सातवा लागलेला, पोट गुडघ्यांत अडकत होतं. दुपारची भाकरी तिनं अर्धी ठेवली. पाण्याचा घोट घेतला की नाही, मला आठवत नाही.

मग तोरणमाळच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि वारा सुटला. तापीबाई ओरडली, "ढग उनात! उठा वं, उठा! ताडपत्री काढा!"

तीस बायका एका दमात उठल्या. ममताही उठली. तासन् तास उकिडवी बसलेली बाई, ताडकन. मी काट्यावरून तिलाच बघत होते. तिनं एक हात हवेत धरला, जसं काही तिथं भिंत आहे, आणि मग ती आवाज न करता ढिगाऱ्यावर आडवी झाली.

तापीबाई सगळ्यांच्या आधी पोचली. तिनं खाली बसून ममताच्या गालाला हात लावायला पुढं केला, आणि मध्येच थांबवला. मिरचीचा हात. डोळ्यात गेला असता. मागून आलेल्या बायकाही तशाच थांबल्या. सगळे हात पुढं आलेले, सगळे वीतभर अंतरावर अडकलेले. रमिलाबाई नावाची आमची धडगावकडची बाई डब्यातला कांदा फोडून घेऊन आली आणि तीही तिथंच उभी राहिली. तीस बायका होत्या आणि ममताला लावण्यासारखा एकीचाही हात नव्हता.

माझा होता. काट्यावर बसणारीचा हात कोरा असतो. मी धावले.

"उठाडा तिले, बसाडा!" तापीबाई ओरडत होती. "पानी टाका तोंडमा!"

मी एका हातानं ममताच्या चेहऱ्यावरची मिरची पदरानं पुसत होते, दुसऱ्या हातानं सिस्टरना फोन लावत होते. लागला. फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"बसवू नका!" सिस्टर पलीकडून म्हणाल्या. "उताणीही ठेवू नका, बाळाचं वजन पाठीतल्या मोठ्या शिरेवर येतं. डाव्या कुशीवर वळवा. पायांखाली पोतं द्या. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. गर्दी हटवा. वहिनी, अंगावरून जातंय का बघा."

मी ममताला कुशीवर वळवलं. रमिलाबाईनं पायानंच एक पोतं सरकवून दिलं. आणि मी बघितलं तर ममताची साडी कमरेपासून खाली लालभडक ओली झाली होती.

तापीबाईनंही बघितलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"वहिनी, देखा ना... रगत शे का मिरची शे?"

मला सांगता येईना. साडीला पिवळं बी चिकटलेलं होतं, म्हणजे वरचा तरी मिरचीचा रस. पण आत? परकर डाळिंबी रंगाचा, तोही ओला. वास घ्यावा तर नाकात सकाळपासून मिरचीशिवाय काही नाही. मी माझा पांढरा रुमाल आत दाबून बाहेर काढला. गुलाबी झाला होता. मिरचीनंही गुलाबी होतो आणि रक्तानंही.

"कळत नाही," मी फोनमध्ये म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

"रडू नका. पोटावर हात ठेवा. कडक लागतंय?"

"नाही. मऊ आहे."

"बाळ हलतंय?"

मी हात ठेवला. वाट बघितली. वाऱ्यानं ताडपत्री फडफडत होती, भूपेश पलीकडे ओरडत होता, तापीबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले.

"दवाखान्यात आणा. मी तिथं कळवते. कुशीवरच आणा."

भूपेशकडे पिकअप होती. तो एकदा आभाळाकडे, एकदा मिरचीकडे बघायला लागला. मी त्याला म्हणाले, "मिरची भिजली तर भिजू दे. किल्ली आण, नाहीतर मी चालवते." मला चालवता येत नाही, हे त्याला माहीत आहे. तो पळत सुटला. मिरचीवर घालायला काढलेल्या ताडपत्रीवर ममताला सरकवलं, बायकांनी चारी बाजूंनी ताडपत्री धरली आणि उचलून गाडीत ठेवली. अशा रीतीनं त्यांचे हात तिला न लागता तिला लागले.

गाडीच्या हौद्यात मी खाली बसले, ममताचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड डावीकडे. तापीबाई उभी. दोन्ही हात तिनं वर, अंगापासून लांब धरले होते. गाडी हिसके देत होती, तिला धरायला दांडी होती, तरी ती दांडी धरेना. चुकून तोल जाऊन हात ममतावर पडू नये म्हणून पाठ केबिनला टेकवून हात तसेच वर. पावसाचे टपोरे थेंब तिच्या हातांवर पडून कोपरापर्यंत लाल ओघळ येत होते.

"हालनं का?" तिनं विचारलं.

"नाही."

वाटेत ममतानं डोळे उघडले. तिला कुठे आहे तेच कळेना. मग तिला सासू दिसली. "माय," ती म्हणाली, "पानी."

तापीबाई एक पाऊल पुढं आली आणि थांबली. "वहिनी, पाजा तिले," ती म्हणाली. "आखी बाटली पाजा."

सिस्टरना परत विचारलं. त्या म्हणाल्या, शुद्ध नीट असेल, नाव-गाव सांगत असेल, तर एक-एक घोट. मी ममताचं डोकं थोडं उचलून घोट घोट दिलं. तापीबाई प्रत्येक घोटाबरोबर स्वतः गिळत होती, रिकामंच.

"हालनं का?"

"अजून नाही."

आणि बाजार समितीच्या रस्त्याला गाडी थांबली. अवकाळीच्या भीतीनं सगळ्या तालुक्यातली मिरची त्याच तासाला बाहेर निघाली होती. पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॅक्टर, मध्ये छोटे हत्ती टेम्पो, सगळे ताडपत्र्या बांधत उभे. भूपेश हॉर्न वाजवत होता, त्याला कुणी विचारत नव्हतं. मी पोटावर हात ठेवून बसले होते, आणि तो हात मला नकोसा झाला होता, कारण त्याला काहीच लागत नव्हतं.

तापीबाईनं श्वास घेतला.

"बाजूले सरा रे, मुडदास्वोन! मन्ही वहू शे गाडीमा! तुमनी मिरची गयी खड्डामा!"

तो आवाज अख्ख्या नंदुरबारची मिरची ओळखते. पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून बघितलं. पावसात उभी, हात वर, कोपरापर्यंत लाल झालेली बाई. त्यानं काही न विचारता ट्रॅक्टर शेतात घातला. त्याच्यापुढच्यानंही. ती ओरडत राहिली आणि रस्ता होत गेला. दवाखान्याच्या फाटकात शिरलो तेव्हा तिचा आवाज बसला होता.

ममताला आत नेलं. तापीबाईला दारात थांबवलं. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली, हात गुडघ्यांवर पालथे टाकून. मी तिच्याशेजारी बसले. ती देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं होतं, पण ती नुसती दाराकडे बघत होती. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयानं पोरसवदाच.

"रक्त नाही," त्या म्हणाल्या. "मिरचीच आहे सगळी. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. सलाईन लावलीय, तिला हालचालही जाणवली आत्ता. बीपी फार उतरला होता. आज-उद्या इथंच ठेवू."

मी मोठ्यानं रडले. तापीबाई रडली नाही. तिनं विचारलं, "हालनं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो, हललं." तिनं परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं.

मग आत ममताच्या खाटेपाशी त्या विचारायला लागल्या. सकाळपासून काय प्यायलीस? ममतानं मान भिंतीकडे वळवली. सासूकडे बघणंही तिनं टाळलं. शेवटी मीच सगळं सांगितलं, हाताचं, आडोशाचं, पाण्याचं. त्या बाई ऐकत राहिल्या. त्यांना हे माहीत नव्हतं आणि माहीत नाही हे त्यांनी लपवलं नाही.

"पण तापीबाई," त्या म्हणाल्या, "हिला अशा दिवसांत पाण्यावाचून चालणार नाही."

तापीबाईच्या तोंडून सवयीनं निघालंच. "माले काय व्हयनं? लोटन पोटमा व्हता तवय..."

"किती मुलं तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं.

"लोटन."

"एकच?"

तापीबाईनं आपल्या हातांकडे बघितलं. सलाईनचा थेंब पडताना दिसत होता.

"लोटन पाचवा," ती म्हणाली.

ममतानं मान वळवून सासूकडे बघितलं. मला पंधरा वर्षांत हे माहीत नव्हतं. तिच्या सुनेलाही नव्हतं.

"पहिला चार गयात..." तापीबाई म्हणाली. "एक तर पथारीवरच." आणि मग स्वतःलाच विचारल्यासारखं, "माले काय व्हयनं."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून तिला बसवलं. "ती कशानं गेली हे आता कुणीच सांगू शकत नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "पुष्कळ कारणं असतात. पाण्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण ही समोर आहे. हिचं आपल्या हातात आहे."

मिरची अर्धी भिजली. भूपेश आठवडाभर तोंड पाडून होता, मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पथारी परत सुरू झाली त्या दिवशी तापीबाई आली, पण ओळीत बसली नाही. तिनं हाताला तेल लावलं नव्हतं. टाकीवरून पाण्याची कळशी भरली, लांब दांड्याचं ओगराळं घेतलं आणि ओळीच्या टोकाला उभी राहिली.

"तोंड उघाड," ती रमिलाबाईला म्हणाली.

रमिलाबाई फडकं खाली करून हसायला लागली. "मंग जावं लागी ना, तापीमाय!"

"मंग मी कसाले शे? मन्हा हात कोरा शे. मी येसु तुन्हासंगे. तू नुसती बठ, बाकी मी देखसु."

ओळीत हशा पिकला. असलं बोलणं तिच्या तोंडी कुणी ऐकलं नव्हतं. पण तिनं ओगराळं तसंच तोंडापुढं धरलं, आणि रमिलाबाईनं लाजत तोंड उघडलं. मग दुसरीनं. दुपारपर्यंत ती दहा-बारा बायकांबरोबर आडोशाला जाऊन आली, साडी धरून, पाणी टाकून, आई लेकराचं करते तसं. पहिले दोन दिवस बायका लाजल्या. तिसऱ्या दिवशी हाका मारायला लागल्या.

भूपेश माझ्याकडे आला. "वहिनी, सगळ्यात भरभर चालणारा हात तुम्ही पाण्यावर लावलाय."

"मी नाही लावला, तिनं लावलाय," मी म्हणाले. "तुला हिंमत असेल तर तिला जाऊन सांग."

त्याला नव्हती. मग ती रीतच पडली. रोज एक बाई कोरी राहते. मिरचीत हात घालत नाही, फक्त पाणी आणि सोबत. तिची मजुरी सगळ्यांबरोबरीची. कोरं राहायची पाळी सगळ्यांवर येते, पण हंगाम संपेपर्यंत निम्म्या पाळ्या तापीबाईनंच घेतल्या. ममता घरी राहिली. डाव्या कुशीवर झोपायची, पाय पसरून मग उठायची, आणि लोटन आठवड्याला आला की ताक घुसळायचा, असं तापीबाईच सांगायची आणि त्याची चेष्टा करायची.

मेमध्ये ममता बाळंत झाली. दवाखान्यातच, नीट. मुलगी. पाचवीला मी बाळाला झबलं घेऊन गेले. ममता खाटेवर, पोरगी तिच्याजवळ, आणि तापीबाई दारात खाली बसलेली. मला वाटलं होतं पोरीला मांडीवर घेऊन बसली असेल.

"पाच दिन व्हयनात, माय हात लावत नही," ममता मला म्हणाली. "माय, ल्या ना हिले."

"हंगाम संपून दीड महिना झाला," मी म्हणाले. "आता कसली मिरची?"

तापीबाईनं तळहात नाकाशी नेऊन हुंगले. एकदा उजवा, एकदा डावा. मग जिभेचं टोक बोटाला लावून बघितलं. मग तिनं माझ्याकडे हात केले आणि मीही हुंगले. कोरे होते.

ममतानं खाटेवरून उतरून पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं. तापीबाईनं एका बोटानं तिच्या गालाला स्पर्श केला आणि झटकन काढून घेतला. पोरगी झोपेतच ओठ हलवून गप्प राहिली. तापीबाईनं पुन्हा हात लावला, ह्या वेळी अख्खा तळवा, गालावरून डोक्यावर. पोरीनं डोळे किलकिले केले, तिच्याकडे बघितलं आणि त्याच हातावर मान टाकून झोपली.

मागं अंगणात लोटन उभा होता, त्याच्याकडे तापीबाईनं बघितलं नाही.

"लोटन रडका नही व्हता, वहिनी," ती म्हणाली.